उंट आणि मोर यांच्यामधली जागा

नरहर मास्तर काशीला मरायला आले त्याला येत्या आषाढात अकरा वर्षं पुरी होणार होती, आणि या अकरा वर्षांत त्यांची तब्येत सारखी सुधारत गेली होती.

यात मास्तरांचा काही दोष नव्हता. सांगलीच्या डॉक्टरांनी तीन महिने दिले होते, तेवढे घेऊन ते तडक गाडीत बसले. शाळेत चित्रकला शिकवत होते, बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. सोबत एक वळकटी आणि रंगांचा पत्र्याचा डबा. दूधविनायकावर ढुंढिराजशास्त्र्यांच्या घरात काशीवासासाठी आलेल्यांना वरची खोली मिळते, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. देह ठेवायला आलेल्या माणसाला खोली द्यायची, वेळ आली की तोंडात गंगाजल घालायचं, मागचं सगळं रीतसर करायचं, हे त्या घरात तीन पिढ्या चालत आलेलं होतं. मास्तरांच्या आधीचे चौघे अगदी वेळेवर गेले. एकानं तर वळकटीही सोडली नव्हती. मास्तर मात्र रोज दोन मजले उतरून भोसले घाटावर आंघोळीला जायचे, पुन्हा दोन मजले चढायचे, संध्याकाळी परत तेच. आणि जे हृदय सांगलीत बंद पडायचं ते बनारसच्या जिन्यांनी ठणठणीत करून टाकलं.

बिघडले ते डोळे. मोतीबिंदू पिकत गेला आणि हातभर अंतरापलीकडचं सगळं जग मास्तरांना दुधात बुडालेलं दिसू लागलं. शस्त्रक्रिया होण्यासारखी होती, पण ज्या डॉक्टरकडे जायचं तो अस्सी नाल्याच्या पलीकडे बसायचा. मास्तरांनी आल्या आठवड्यातच क्षेत्रसंन्यास घेतला होता: वरुणा आणि अस्सी यांच्यामधली भूमी मरेपर्यंत सोडणार नाही, असा हातात पाणी घेऊन संकल्प. डोळ्यांसाठी ते नाला ओलांडायला तयार नव्हते. "इथलं सगळं बघून झालंय. पुढचं बघायला हे डोळे लागत नाहीत," असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला.

त्या संकल्पाच्या वेळी शास्त्रीबुवांनाही भरून आलं होतं. त्यांनीही पळीभर पाणी सोडलं आणि सर्वांसमक्ष म्हणाले, "मास्तर, या खोलीतून तुम्हाला यमाशिवाय कोणी हलवणार नाही." तेव्हा प्रश्न तीन महिन्यांचा आहे अशी त्यांची समजूत होती.

शास्त्रीबुवांचा मुलगा सुश्रुत याला मास्तरांच्या जिवंत असण्याबद्दल फाल्गुनापर्यंत काही तक्रार नव्हती. फाल्गुनात त्याला मुलगी झाली. बायको, ऋता, बाळंतपणाला माहेरी नागपूरला गेली होती. तिच्या गावच्या राजानं इथं घाट बांधलाय, एवढ्या एका गोष्टीवर आपण या लग्नाला हो म्हटलं, असं ती चारचौघांत सांगायची. मुलगी दीड महिन्याची झाली तेव्हा तिचं पत्र आलं.

"बकुळचं वजन छान वाढतंय," असं सुरू करून तिनं लिहिलं होतं. "आता पुढचं नीट वाचा. सोबत मासिकातलं कात्रण आहे. बाळाची खोली वेगळी हवी, उजेडाची हवी, हवा खेळती हवी. आपल्या घरात खाली मामंजींची पूजा आणि पोथ्या, मधल्या मजल्यावर भरदुपारी दिवा लावावा लागतो. राहिली वरची. तिथं कोण आहे ते तुम्हाला माहीत आहे. त्यांच्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, सज्जन आहेत. पण चार माणसं तिथं गेली ते रंग दिला की झाकलं जाईल. पाचवं वाट बघत बसलंय, त्याला रंग देता येत नाही. माझ्या मुलीच्या डोक्याशी कुणी मरणाची वाट बघत बसलेलं मला चालणार नाही, आणि त्या छताखालीही चालणार नाही. आईनं पंधरा जूनचं रिझर्वेशन केलंय. खोली रिकामी आणि तयार असेल तर तार करा. नसेल तर तिकीट रद्द करायला वेळ द्या, पैसे परत मिळतात."

सुश्रुत बँकेत होता. छापील कागदावर जे लिहिलंय ते झालंच पाहिजे, यावर त्याचा वेदांपेक्षा जास्त विश्वास होता. त्यानं कात्रण पाकिटात घडी करून ठेवलं आणि पहिल्यांदा वडिलांकडे गेला.

"अण्णा, मास्तरांचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? शब्द दिलाय."

"तो तीन महिन्यांसाठी दिला होता."

"शब्दाला मुदत नसते," शास्त्रीबुवा पोथीतून मान वर न काढता म्हणाले. "माणसाला असते." आणि पान उलटत म्हणाले, "असायला हवी."

मग सुश्रुत जागा शोधायला निघाला. काशीवाशांना ठेवून घेणारी मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्या सगळ्या घरांत नरहर मास्तरांची कीर्ती त्याच्या आधी पोचली होती. ब्रह्माघाटावरच्या प्रेमलाकाकूंनी त्याला पन्हं दिलं, बाळाची चौकशी केली, आणि नाव ऐकताच हात जोडले.

"ते नको रे बाबा. आमच्याकडची खोली चार-सहा महिन्यांत एकदा तरी मोकळी होते. ते आले की अडकलीच."

"वय झालंय काकू आता. चौऱ्याऐंशी."

"हेच सगळे त्यांच्या अठ्ठ्याहत्तरीलाही म्हणत होते. आणि नुसतं एवढंच नाही. अशा माणसाकडे बघून बाकीच्यांनाही तेच वळण लागतं. सध्या माझ्याकडे अकोल्याच्या एक बाई आहेत. चांगल्या होत आल्यायत जायला. उगाच कशाला त्यांचं मन फिरवायचं."

तिथून तो परतला तो टेप घेऊनच वर गेला. जागा मिळो न मिळो, पाळण्याचं माप तर घ्यायला हवं होतं. मास्तर खाटेवर बसून माळ ओढत होते. टेपचा आवाज ऐकून म्हणाले, "मी पाच फूट चार इंच. ताटीला फार लांब बांबू आणू नकोस, वाया जाईल."

"तसं नाही मास्तर. पाळण्यासाठी मोजतोय."

"पाळणा? इथं?"

"हो. ऋतानं कात्रण पाठवलंय, बाळाला उजेडाची खोली लागते म्हणे."

मास्तरांची माळ थांबली. मग ते उठले, भिंतीला हात लावत लावत सगळी खोली फिरले, खिडकीशी उभे राहिले. "खिडकीखाली ठेवू नकोस, ऊन डोळ्यांवर येतं. या भिंतीशी ठेव, पण हातभर सोडून, भिंत ओल धरते. माझी खाट तिकडे दाराशी घे. पोर रडलं की खालच्यांना हाक मारायला मी बराय." आणि माळ कानाला अडकवून ते स्वतःशीच हसले. "अकरा वर्षं या खिडकीतून नुसती जाणारी माणसं ऐकतोय. एखादं येणारं आलं तर बरंच आहे."

सुश्रुतनं त्याच वेळी काय ते सांगायला हवं होतं. तो सांगणारही होता. त्यानं 'मास्तर' म्हणून सुरुवातही केली. तोवर मास्तरांनी विचारलं, "कात्रणात आणखी काय काय आहे? वाच." त्यानं वाचलं. लंगोट-दुपट्यांचे कप्पे हाताशी हवेत. बाळाला बदलायला कमरेइतकं उंच टेबल हवं. भिंतीवर बाळाच्या नजरेच्या उंचीला प्राण्यांची मोठी, ठळक चित्रं हवीत. "चित्रं मी काढतो," मास्तर म्हणाले. बाकीच्या बाबी सुतार करणार होता. चित्रांचंच अडलं होतं, कारण गोदौलियावरचा पेंटर फक्त दुकानांच्या पाट्या आणि पुढाऱ्यांचे चेहरे काढायचा, आणि त्याच्या हत्तीलाही मिशा आल्या असत्या. सुश्रुतनं आपलं वाक्य गिळलं आणि विचारलं, "कोणता रंग आणू?"

वैशाखभर मास्तर चित्रं काढत होते. भिंतीशी पाट टाकून बसायचे, काडीला दोरा बांधलेला जाड भिंगांचा चष्मा सावरत, नाक भिंतीला लागेल इतकं जवळ जाऊन वीतभर रंगवायचे, पाट सरकवायचे, पुढची वीत. आधी कोळशानं चौकटी आखून घेतलेल्या होत्या. हातभर अंतरावरून जे दिसत नाही ते चौकटी मोजून त्यांच्या बोटांना दिसायचं. हत्ती झाला, सुरेख झाला. उंट झाला. उंटाच्या चेहऱ्यावर शास्त्रीबुवांचा थोडा भास होता, पण तो आहे असं म्हणायला घरात कुणी तयार नव्हतं. मग एकदम पलीकडे मोर काढला, आणि उंट आणि मोर यांच्यामध्ये चांगली दोन हात जागा कोरी ठेवली.

"इथं काय येणार?" सुश्रुतनं विचारलं.

"गाढव."

"गाढव कशाला, मास्तर?"

"काशीत वाढणाऱ्या पोराला गाढव लवकर कळलेलं बरं. या काठावर मेला तो सुटला. गंगेच्या पलीकडच्या काठावर, रामनगरला मेला, तो पुढच्या जन्मी गाढव. पोरीला खिडकीतून पलीकडचा काठ दाखवायचा आणि मग हे चित्र दाखवायचं. भूगोल आणि धर्म एकदम होतो." ते हसत हसत खोकले. "सगळ्यात शेवटी काढणार. गाढवाचा चेहरा अवघड असतो. जरा चुकला की घोडा होतो, नाहीतर ओळखीचा माणूस."

ज्येष्ठ लागला. पाळणा आला, कप्पे आले, टेबल आलं. मास्तरांनी टेबलाची कड हातानं चाचपली, सुताराला बोलावून चारी कोपरे गोल करून घेतले. आता खोलीत काय उरलंय ते सुश्रुतला दाराशी उभं राहिलं की स्पष्ट दिसायचं. एक खाट, एक वळकटी आणि एक मास्तर.

उपाय निघाला तो बँकेत. शेजारच्या काउंटरवरचा यज्ञेश्वर, जन्मानं मराठी आणि बोलण्यानं पक्का बनारसी, डबा खाताना म्हणाला, "अरे भई, माझ्याकडे खोली खाली पडली आहे. अम्मा गेली तेव्हापासून. नदीवर आहे, हवा मस्त. बस एक बात, घर रामनगरला."

"तुझी आई मग तिथंच...?"

"छे. तिला तबियत बिघडली तशी नावेत घातलं, इकडं चुलत्याकडे आणलं. दोन दिवसांनी आरामात गेली. आम्ही बेवकूफ आहोत काय?" त्यानं लोणच्याची फोड चोखली. "पण तुझे मास्तर येतील कसे? ते तर नाला पण पार करत नाहीत."

"त्यांना हातभरापलीकडचं दिसत नाही," सुश्रुत म्हणाला. असं काही आपण म्हणणार आहोत हे त्याला म्हणेपर्यंत माहीत नव्हतं. म्हणून झाल्यावर मात्र त्यात फारसं वावगं वाटलं नाही.

त्यानं घरी येऊन 'मास्तरांना पंधराएक दिवसांसाठी' अशी वडिलांना सांगायला सुरुवात केली. शास्त्रीबुवांनी हात वर केला. "मला काही सांगू नकोस. कोणी विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही. आणि मला माहीत नसलं म्हणजे मी दिलेला शब्द मोडला असंही होत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पंधराच दिवस ना?"

मास्तरांना सांगितलं ते असं: दारं-खिडक्यांना तेलाचा रंग लावायचा आहे, त्याच्या वासानं तुमचा खोकला बळावेल. रंग वाळेपर्यंत पंधरा दिवस अस्सीला माझ्या मित्राकडे राहा.

"नाल्याच्या अलीकडे ना?"

"मास्तर, मी तुम्हाला पलीकडे नेईन का?"

यात आपण खोटं काहीच बोललो नाही, फक्त एक प्रश्न विचारला, हे सुश्रुतनं स्वतःला पुढे बऱ्याचदा समजावलं.

पीपा पुलावरून, म्हणजे पिंपांवर तरंगणाऱ्या पुलावरून, गेलं असतं तर चाकांखाली लोखंडी पत्रे खडखडले असते आणि आंधळ्यालाही पूल कळला असता. म्हणून भोसले घाटावरून नाव केली. नाविकाला बाजूला घेऊन कुठे जायचंय ते सांगितलं आणि रामनगर हा शब्द तोंडातून काढायचा नाही असं बजावलं. त्यानं मास्तरांकडे बघितलं, दोऱ्या सोडल्या, वल्हं उचललं आणि म्हणाला, "पाप आपका, चप्पू हमार."

मास्तर खुशीत होते. मांडीवर रंगांचा डबा होता. चार कोळसे आणि पट्टी बरोबर असावी म्हणून घेतला होता, हात बसून राहतो म्हणाले. डोळे मिटून ते एकेक घाट ओळखत होते. "ही दशाश्वमेधाची गर्दी. हा धूर, हरिश्चंद्र आला. इथं कपडे आपटतायत." अस्सी मागे पडली तसे आवाज विरळ झाले, मग नुसतं पाणी ऐकू येऊ लागलं.

"घंटा थांबल्या रे."

"दुपार आहे, मास्तर. पुजारी झोपले असतील."

"देवही," मास्तर म्हणाले, आणि बोटं पाण्यात बुडवली.

यज्ञेश्वरच्या घरी त्यांची व्यवस्था चांगली होती. खोलीचं दार नदीवर उघडायचं, जेवण वेळेवर, यज्ञेश्वरची बायको त्यांना बाबूजी म्हणायची. रविवारी सुश्रुत भेटायला गेला, पेढे घेऊन. मास्तर दारात खुर्ची टाकून नदीकडे तोंड करून बसले होते. संध्याकाळचं ऊन सरळ त्यांच्या चेहऱ्यावर पडलं होतं.

"रंग वाळला का?"

"दुसरा हात चाललाय."

"बकुळ कधी येते?"

"पंधराला."

"म्हणजे गाढव राहिलंच. तिच्या आधी पुरं करायला हवं." मग ते म्हणाले, "सुश्रुत, तिकडे आपल्या घाटावर सूर्य नदीवर उगवतो. सकाळी आंघोळीला उतरलं की ऊन तोंडावर. इथं सकाळी ऊन पाठीवर येतं, घरामागून. आणि संध्याकाळी नदीतून. गंगा पश्चिमेला कशी रे?"

सुश्रुतनं पेढ्यांच्या पुड्याची दोरी सोडली, पुन्हा बांधली. "इथं नदी वळते, मास्तर."

"वळते होय."

"अस्सीला मोठं वळण आहे."

मास्तरांनी चेहरा उन्हाकडे तसाच ठेवला. "वळत असेल," ते म्हणाले. "एवढी मोठी नदी. तिला कोण विचारणार." त्यांनी पेढा घेतला नाही. सुश्रुत निघाला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की बाळाची नजर जमिनीपासून किती उंचीवर येते असं त्या कात्रणात दिलंय. दोन फूट, सुश्रुत म्हणाला. त्याला पाठ होतं.

चौदा जूनला त्यानं उरलेली खाट खाली उतरवली आणि पाळण्याच्या कडीला रंगीत चिमण्यांचं झुंबर टांगलं. तार आधीच केली होती. पंधराला सकाळी तो बँकेत फक्त सही करायला गेला. गाडी एकला येणार होती. यज्ञेश्वर काउंटरच्या आत न जाता दाराशी त्याची वाट बघत उभा होता, शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"मास्तरांचं काही ठीक नाही. कालपासून पाणीच घेतात फक्त. डॉक्टर बोलला, शाम तक, ज्यादा से ज्यादा. मला म्हणाले, सुश्रुतला सांग, नाव घेऊन ये. रागावलेले नाहीयेत. बस, घरी न्या म्हणतात. पीपा पूल तर बारिशच्या आधी म्हणून परवाच काढला, मी राजघाटाच्या पक्क्या पुलावरून फिरून आलो स्कूटरवर. तू आत्ता नाव केलीस तर अकरापर्यंत तिथं, एक-दीडपर्यंत आपल्या घाटावर. हो जाएगा."

होण्यासारखं होतं. सुश्रुतनं घड्याळ बघितलं. साडेनऊ. त्याच्या डोळ्यांपुढे सगळं आलं: मास्तर ताटीसारखे उचलून दोन जिने चढवून वर आणलेले, खाट पुन्हा दाराशी, पाळण्याजवळ गंगाजलाचा गडू, आणि त्याच वेळी खाली रिक्षा थांबलेली, ऋता बकुळला घेऊन उतरतेय, मागून तिची आई. तेवढंही एक वेळ निभावलं असतं. एक दिवसाचा प्रश्न असता तर. पण त्याच्या मनात दुसरीच भीती उभी राहिली, आणि एकदा राहिली ती हलेना. सांगलीच्या डॉक्टरांनी तीन महिने दिले होते. या डॉक्टरानं संध्याकाळपर्यंत दिलंय. मास्तर परत त्या खोलीत आले, खिडकीतून ऊन लागलं, बाळाचा आवाज ऐकला, आणि नाही मेले तर?

या माणसाचा भरवसा नव्हता. याआधीही त्यानं सगळ्यांना असंच फसवलं होतं.

"ऋता येतेय," सुश्रुत म्हणाला. "तिला उतरवून घेतो. उद्या सकाळी पहिल्या नावेनं येतो. त्यांना सांग, उद्या नक्की."

यज्ञेश्वर एक पायरी खाली उतरला. "मी आणू का? माझ्या अम्माला आणलं तसं."

"नको. कुठे आणणार? खोलीला रंग ओला आहे."

गाडी दोन तास उशिरा आली. म्हणजे तो नदी ओलांडून, मास्तरांना आणून, आंघोळ करून पुन्हा स्टेशनवर वेळेत पोचला असता. हे त्याला फलाटावर बाकावर बसल्या बसल्या कळलं. त्यानं एक चहा घेतला. मग दुसरा घेतला.

ऋतानं खोली बघितली आणि दारातच थांबली. एवढी ती अपेक्षा करून आली नव्हती. तिनं कप्पे उघडून बघितले, टेबलाच्या गोल कोपऱ्यांवरून हात फिरवला. तिची आई म्हणाली, "जावयांनी मनावर घेतलं हो." बकुळला पाळण्यात ठेवलं. ती चिमण्यांकडे बघायला तयार नव्हती. मान वळवून भिंतीवरच्या हत्तीकडे टक लावून बघत राहिली.

"चित्रं कुणी काढली?"

"होता एक पेंटर," सुश्रुत म्हणाला.

"चांगला हात आहे. मध्ये एवढी जागा का सोडली पण? बोळकं तोंड दिसतंय अगदी. बोलवा त्याला, पुरं करून घ्या."

"तिथं कपाट येणार आहे."

"आणि मास्तर कुठे गेले?"

"अस्सीला."

"सुखात आहेत ना?" ऋतानं विचारलं, आणि बकुळचा लंगोट ओला झाल्यामुळे उत्तराला थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पहिल्या नावेनं गेला. मास्तर आदल्या संध्याकाळी गेले होते, ऊन नदीवरून खोलीत आलं त्या वेळेस. यज्ञेश्वरच्या बायकोनं तोंडात गंगाजल घातलं होतं. "बार-बार पूछते थे, नाव आई क्या," ती म्हणाली. "मैं बोली, आ रही है। फिर पूछना बंद कर दिए।" तिनं पदरानं डोळे पुसले आणि आत गेली.

खाटेच्या बाजूच्या भिंतीवर, जमिनीपासून दोन फूट उंचीला, कोळशानं काढलेलं एक गाढव होतं. त्याचा घोडा झालेला नव्हता, कुठेही चुकलेलं नव्हतं. चेहरा शांत, कान जरा मागे, आणि डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, एका काडीला दोरा बांधलेला, मास्तरांचा होता तसाच. चित्रावर आडव्या-उभ्या बारीक चौकटी आखलेल्या होत्या, प्रत्येक चौकटीला आकडा. खाली शाळेच्या फळ्यावर लिहितात तशा ठळक अक्षरांत एक ओळ: 'सुश्रुत, एकेक चौकट बघून उतरवून घे. चित्रकला न येणाऱ्यालाही जमतं.'

यज्ञेश्वर मागे येऊन उभा राहिला. "त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं," तो म्हणाला. "माझ्या बायकोला म्हणाले, सुश्रुतला काही बोलू नका, त्याला वाईट वाटेल."

आयुष्यात पहिल्यांदाच सुश्रुतनं लेखी सूचना पाळली नाही. चुन्याची बादली आणि कुंचा मागून घेतला, आणि ताटी बांधून होईपर्यंत भिंत पांढरी करून टाकली. दोन हात द्यावे लागले. कोळसा चुन्यातून वर येत राहतो.

शव नावेनं इकडे आणलं. मणिकर्णिकेवर सगळं रीतसर झालं, शास्त्रीबुवांनी स्वतः मंत्र म्हटले. मास्तर नात्याचे नव्हते, त्यामुळे सुतक नव्हतं. दूधविनायकावर बातमी पसरली ती अशी की नरहर मास्तर अस्सीला गेले, नाल्याच्या अलीकडे. लोक येऊन शास्त्रीबुवांचं अभिनंदन करून गेले. प्रेमलाकाकू म्हणाल्या, "सुटले बिचारे. आणि तुम्हीही," आणि अकोल्याच्या बाई अजून आहेत असंही सांगून गेल्या. शास्त्रीबुवांनी मुलाला एकदाच विचारलं, "गेले तेव्हा कुठे होते?" सुश्रुत हातातल्या घड्याळाला किल्ली देऊ लागला. "हं," शास्त्रीबुवा म्हणाले. "मला सांगू नकोस तेच बरं." आणि पूजेला बसले.

कपाट आलं, कोऱ्या जागेवर चपखल बसलं. वर्ष निघून गेलं. बकुळ रांगायला लागली आणि कपाटाशी जाऊन त्याच्या मागे हात घालायची, तेवढी एक खोड सोडली तर गुणी मूल निघाली. सुश्रुत मात्र पुढच्या ज्येष्ठाची वाट बघत होता, आणि हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. धोब्याला एकदा त्यानं सहज विचारलं होतं की गाढवी किती महिने गाभण असते. "साल भर, बाबू," धोबी म्हणाला होता.

ज्येष्ठात धोब्याच्या गाढवीला पिल्लू झालं. पंधरा दिवसांचं झाल्यावर ते आईमागून गल्लीतून घाटाकडे जायला लागलं, आणि पहिल्याच दिवशी शास्त्रीबुवांच्या दारासमोर येऊन थांबलं. पुढची दोन गाढवं ओझं घेऊन निघून गेली, आई वळून ओरडली, पण ते हलेना. वर खिडकीच्या गजांना धरून बकुळ उभी होती. ती एवढी मोठ्यानं हसली की ऋता स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अहो, बघा तरी कशाला हसतेय ती."

सुश्रुत बँकेत निघाला होता, हातात डबा. तो पायरीवर उभा राहिला. पिल्लाच्या डोळ्यांभोवती गाढवांना असतात तशी पांढरी वर्तुळं होती, जरा मोठी. धोबी मागून दम देत येत होता. तो येण्याआधी सुश्रुत खाली वाकला, गल्लीत कुणी ऐकत नाही हे बघून घेतलं, आणि बँकेत ज्या आवाजात तो लोकांना आज काम होणार नाही म्हणून सांगायचा, त्याच आवाजात म्हणाला, "मास्तर, खोली रिकामी नाही."

मग त्यानं उभं राहून मागचं दार ओढून घेतलं आणि धोब्याला सांगितलं की उद्यापासून दुसऱ्या गल्लीनं जात जा.